ज्येष्ठांचा जॅझ आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण



स्मृतिव्याख्यानात बहुधा गेलेल्या माणसाच्या ऐन उमेदीतल्या कर्तृत्वाची उजळणी होते. मी आज उमेदीची वर्षं सरल्यानंतरच्या कामाबद्दल बोलणार आहे, आणि तेही अशा संगीताच्या संदर्भात, ज्याच्या इतिहासात म्हातारपणाला जवळपास जागाच ठेवलेली नाही. जॅझचा इतिहास कुठूनही वाचायला घ्या, अकाली मृत्यू पानोपानी भेटतात. क्लिफर्ड ब्राउन पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्याच वयात, तसाच गेला. चार्ली पार्करला चौतीस वर्षं मिळाली, जॉन कोल्ट्रेनला चाळीस. या चौघांच्या वादनाला तोड नाही, पण त्यांच्या आयुष्याच्या मापाने सगळा जॅझ मोजायची सवय आपल्याला लागली. त्यामुळे सत्तरी ओलांडलेला वादक मंचावर आला की उभं राहून टाळ्या द्यायच्या, त्याची नवी ध्वनिमुद्रिका आदराने विकत घ्यायची, आणि घरी जाऊन ऐकायची मात्र १९५७ सालची, असं रसिक करतात. मला हे चूक वाटतं. ज्येष्ठ वादकाच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे त्याच्या तारुण्याची फिकी आठवण नव्हे. जॅझमध्ये मुळात जे घडतं, म्हणजे वाजवता वाजवता घेतलेला निर्णय, तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो तिथेच.

जॅझ तरुणांचा हा समज संगीतातून आलेला नाही, तो तबकड्यांच्या व्यवहारातून आला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणेपर्यंत जॅझ घरोघर पोहोचत होता तो ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर, एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास. तेवढ्या वेळात ज्याला लख्ख आणि ठसठशीत बोलता येईल तोच त्या तबकडीचा नायक होणार हे उघड होतं. लुई आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ची मुद्रणं केली तेव्हा तो पंचविशीच्या आगेमागे होता. पुढे १९५० च्या दशकात ब्लू नोट, प्रेस्टीज अशा न्यूयॉर्कच्या छोट्या कंपन्यांनी नव्या वादकांना दिवसभरासाठी बोलवायचं आणि संध्याकाळपर्यंत तबकडी पुरी करायची, असा सपाटा लावला. यातलं बरंचसं काम रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात केलं. तरुण वादक थोड्या पैशांत आणि हवे तेव्हा मिळत. त्या पाच-सात वर्षांत इतकं मुद्रण झालं की त्या काळाला आपसूक सुवर्णकाळ म्हणायची रीत पडली. तेच वादक साठीला आले तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं होतं. ते वाजवत होते युरोपच्या महोत्सवांत आणि छोट्या क्लबांत. थोडक्यात, आपल्याकडचा पुरावाच एका बाजूला कललेला आहे.

मग तोलून पाहण्यासाठी पुरावा कुठे मिळेल? मला एक जोडी फार मोलाची वाटते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात सत्तावीस वर्षांच्या सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने ‘सनीमून फॉर टू’ ही स्वतःची रचना वाजवली. बासवर विल्बर वेअर, ड्रम्सवर एल्विन जोन्स, आणि पियानो नाही. रचना इतकी लहान की तिला रचना म्हणायलाही संकोच वाटावा: बारा मात्रागटांचं ब्लूजचं आवर्तन आणि त्यात तीनदा येणारी, वरून खाली उतरणारी एकच ओळ. सगळा डोलारा विस्तारावर. रोलिन्स त्या ओळीचा तुकडा उचलतो, उलटा करतो, मोडतो, लांबवतो. बासला आणि ड्रम्सला मागे ओढत नेण्याची ताकद त्या वादनात आहे. आता दुसरी बाजू. १० सप्टेंबर २०१०, मॅनहॅटनचं बीकन थिएटर, ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेली मैफल. रचना तीच. पियानो याही वेळी नाही. बासवर क्रिस्टियन मॅकब्राइड आणि ड्रम्सवर पंच्याऐंशी वर्षांचा रॉय हेन्स. बरीच आवर्तनं होऊन गेल्यावर मंचावर येतो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन, तोही ऐंशीचा. या दोघांनी जाहीर कार्यक्रमात एकत्र वाजवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

पुढे जे घडतं ते रोलिन्सच्या मैफलींच्या ‘रोड शोज’ या मालिकेच्या दुसऱ्या खंडात ऐकायला मिळतं, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या वीसेक मिनिटांवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. कोलमनचा सूर रोलिन्सच्या सुरात बसणारा नाही. तो थोडा कलता, रडवेला, बारा मात्रागटांच्या आवर्तनाची फारशी पर्वा न करणारा. पाहुण्याचं वाजवून झालं की यजमानाने आपल्या घरच्या चालीवर परत यावं, हा सोपा मार्ग रोलिन्सपुढे होता, आणि प्रेक्षक त्यावरही तितकेच खूश झाले असते. तो परत येत नाही. तो कोलमनच्या भाषेत उत्तर देऊ लागतो, आवर्तनाच्या कडा सैल सोडतो, सूर घासून काढतो. १९५७ च्या रोलिन्सजवळ या रोलिन्सपेक्षा वेग अधिक होता, दम अधिक होता. पण त्या रात्री क्लबात त्याच्यापुढे त्याच्याइतक्या उंचीचा, त्याहून वेगळं बोलणारा माणूस नव्हता, आणि असता तर त्याने काय केलं असतं हे आपण सांगू शकत नाही. २०१० च्या मुद्रणात ते कळतं. ऐंशीव्या वर्षी, हजारो लोकांसमोर, स्वतःच्या वाढदिवसाच्या मैफलीत, त्याने आपली रीत बाजूला ठेवली. ही कृती स्वरांत नोंदलेली आहे, आणि ती पहिल्या मुद्रणात नाही.

शरीर उतरतं, हे मी नाकारत नाही. सुषिर वाद्यांत तर ते लपवताच येत नाही. फुप्फुसं एका श्वासात पूर्वीइतकी हवा सोडत नाहीत, ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे ओठ झिजतात, दातांचा आधार जातो. खुद्द रोलिन्सला फुप्फुसांच्या विकारामुळे २०१२ नंतर जाहीर वादन करता आलं नाही. पण उतरलेलं शरीर संगीतात फक्त वजाबाकी करतं, हे खरं नाही. ते आकार बदलायला भाग पाडतं. कीथ जॅरेटचं उदाहरण घ्या. १९७५ च्या कोलोन मैफलीत त्याने पहिला भाग सलग सव्वीस मिनिटं वाजवला, आणि एकटा माणूस पियानोवर अखंड किती वेळ नवं सुचवत राहू शकतो याची ती मैफल खूण ठरली. १९९६ मध्ये त्याला दीर्घ थकव्याच्या आजाराने गाठलं. बरा होत असताना त्याने घरी काही जुनी गाणी अगदी साधेपणाने वाजवून मुद्रित केली, आणि मैफलींत परतल्यावर, २००२ च्या जपान दौऱ्यापासून, त्याने लांब प्रवाह सोडून छोट्या स्वतंत्र तुकड्यांची मांडणी घेतली. एक तुकडा संपतो, टाळ्या होतात, शांतता होते, दुसरा सुरू होतो. बुडापेस्ट आणि बोर्डो इथल्या २०१६ च्या मैफली ऐकल्या की लक्षात येतं, प्रत्येक तुकड्यात एकच विचार आहे आणि तो संपल्यावर जॅरेट तिथे रेंगाळत नाही. कोलोनला भारावून टाकणारं आवाहन आहे, पण त्यात वाट शोधत घालवलेली मिनिटंही आहेत. बुडापेस्टला ती नाहीत. २०१८ च्या पक्षाघातांनंतर त्याचा डावा हात वाजवेनासा झाला, त्यामुळे या मैफली आता त्याच्या कामाचं शेवटचं प्रकरण ठरल्या आहेत. पण शेवट म्हणून त्या मोलाच्या नाहीत. त्या नव्या आकाराच्या म्हणून मोलाच्या आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं भावनेपोटी आहे: आपण संगीताला नाही, माणसाच्या चिवटपणाला दाद देतो, वय कळलं नसतं तर इतकं भरून आलं नसतं. आक्षेप गंभीर आहे, कारण टाळ्यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा खराच असतो. मंचावर काठी टेकत येणाऱ्या माणसाला वाजवण्याआधीच टाळ्या मिळतात. पण नेमकं इथेच ध्वनिमुद्रण उपयोगी पडतं, कारण त्यात काठी दिसत नाही. हँक जोन्स आणि जो लोव्हानो यांनी एप्रिल २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझीज क्लबात वाजवलेली जोडमैफल घ्या. पियानो आणि सॅक्सोफोन, बाकी कुणी नाही. ताल धरायला ड्रम्स नाहीत, पाया धरायला बास नाही, म्हणजे लय आणि आधार दोन्ही पियानोच्या डाव्या हातावर. जोन्स तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचा होता. नाव झाकून हे मुद्रण जाणकाराला ऐकवा. तो स्पर्शाबद्दल बोलेल, स्वरसंघातल्या प्रत्येक सुराला दिलेल्या वेगवेगळ्या वजनाबद्दल बोलेल, लोव्हानोच्या वाक्यात मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागेबद्दल बोलेल. वयाचा अंदाज त्यातून बांधणं त्याला जड जाईल. भावनेचा आधार काढून घेतल्यावरही जे उरतं, त्याबद्दलच मी बोलतो आहे.

भावनेच्या मुद्द्याची आणखी कठोर कसोटी म्हणजे रोलिन्सची बॉस्टनची मैफल. ११ सप्टेंबर २००१ रोजी तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून थोड्याच अंतरावर, एका इमारतीच्या एकोणचाळिसाव्या मजल्यावर राहत होता. हल्ल्यानंतर इमारत रिकामी करावी लागली तेव्हा तो सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडला. पुढच्या चार दिवसांत त्याने दौरा रद्द केला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं, पण पत्नी ल्यूसिलच्या आग्रहामुळे १५ सप्टेंबरला बर्कली संगीत महाविद्यालयाच्या सभागृहात मैफल झाली. अशा मैफलीला ऐकणारा प्रसंगाचं ओझं घेऊनच जातो. म्हणून तिथे वाजलं काय, ते नीट बघायला हवं. रोलिन्सने शोकगीत वाजवलं नाही. जुनी नाटकातली नि चित्रपटांतली गाणी वाजवली, आणि आईवडिलांच्या कॅरिबियन बेटांकडून आलेल्या कॅलिप्सो चालीची स्वतःची ‘ग्लोबल वॉर्मिंग’ वाजवली. म्हणजे प्रसंगाने जे मागितलं असतं ते त्याने दिलं नाही, आणि जे दिलं ते एकाहत्तराव्या वर्षी थकलेल्या शरीराने, लांबलचक, न सुटणाऱ्या पकडीने दिलं. प्रसंग विसरून ऐकलं तरी त्या वादनातली निकड कमी होत नाही.

हे मुद्रण आपल्याला मिळालं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. ते कंपनीने ठरवून केलेलं नव्हतं. रोलिन्सची वादनं वर्षानुवर्षं गोळा करणाऱ्या एका रसिकाने सभागृहात केलेलं होतं, आणि २००५ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झालं. रोलिन्स स्टुडिओत अवघडायचा हे जाहीर आहे. स्टुडिओतल्या त्याच्या उत्तरवयातल्या तबकड्या आणि त्याच काळातल्या मैफली यांत इतकं अंतर होतं की मैफल ऐकलेले आणि तबकडी ऐकलेले लोक दोन वेगळ्या वादकांबद्दल बोलत आहेत असं वाटावं. २००८ पासून निघालेल्या ‘रोड शोज’च्या खंडांनी हा हिशेब पुष्कळसा दुरुस्त केला. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरच्या बाबतीत तर दुरुस्तीची गरजच पडली नाही, कारण २००० मध्ये, सदुसष्टीच्या सुमाराला, त्याने डॅनिलो पेरेझ, जॉन पाटिटुची आणि ब्रायन ब्लेड यांच्याबरोबर जी चौकडी उभी केली तिचं महत्त्वाचं काम बहुतांशी मैफलींतूनच मुद्रित झालं. स्वतःची जुनी ‘फूटप्रिंट्स’ तो तिथे ओळखीच्या चालीने मांडतच नाही. तिचे दोन-चार सूर इकडेतिकडे टाकतो आणि बाकीचे तिघं काय करतात याची वाट बघतो.

दुसरा आक्षेप मुळावर घाव घालणारा आहे. जॅझ क्षणाचा असेल तर त्याचं मुद्रण म्हणजे क्षणाचा गळा आवळणं नव्हे का? आणि मैफलीचं मुद्रण तरी प्रामाणिक कशावरून? या शंकेला इतिहासाचं बळ आहे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्ट महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली, लोक खुर्च्यांवरून उठून नाचू लागले, आणि एलिंग्टनची ओसरत चाललेली कीर्ती एका रात्रीत परत आली. त्या मैफलीची म्हणून निघालेली तबकडी मात्र बरीचशी नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चिकटवून तयार केलेली होती. गोन्साल्व्हिसचा सोलो खरा होता, पण तो कंपनीच्या मायक्रोफोनऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या मायक्रोफोनपुढे वाजवत राहिल्यामुळे तबकडीवर तो दुरून आल्यासारखा ऐकू येई. पुढे रेडिओची टेप हाती लागली आणि १९९९ मध्ये दोन्ही टेप जुळवून खरी मैफल प्रसिद्ध झाली. इथे फसवणूक झाली हे मान्य. पण ती उघडी कशाने पडली? दुसऱ्या मुद्रणाने. टेप नसती तर त्या रात्रीबद्दल फक्त दंतकथा उरली असती, आणि दंतकथेवर आक्षेपही घेता येत नाही.

गळा आवळण्याबद्दल एवढंच म्हणेन की मुद्रणात क्षण थांबतो, पण निर्णय थांबत नाही. विसाव्यांदा ऐकतानाही वादकाने दुसरी वाट सोडून ही धरली, हे ऐकू येतंच. संगीताचं पुलित्झर पारितोषिक प्रामुख्याने कागदावर लिहिलेल्या रचनांना मिळत आलेलं होतं. २००७ मध्ये ते ऑर्नेट कोलमनच्या ‘साउंड ग्रामर’ला मिळालं. ते म्हणजे जर्मनीतल्या लुडविग्सहाफन इथे ऑक्टोबर २००५ मध्ये पंच्याहत्तर वर्षांच्या कोलमनने केलेल्या मैफलीचं मुद्रण. लिहिलेल्या कलाकृतीला जी प्रतिष्ठा मिळते, ती इथे घडून गेलेल्या एका संध्याकाळला मिळाली. स्टुडिओतही अशी संध्याकाळ उतरू शकते, हेही लगेच सांगतो, नाहीतर मी स्टुडिओचा शत्रू ठरेन. १९६७ मध्ये, एलिंग्टनचा आयुष्यभराचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न गेल्यावर, त्याच्या रचनांचं मुद्रण चालू होतं. काम संपलं, वादक वाद्यं आवरू लागले, आणि अडुसष्ट वर्षांचा एलिंग्टन एकटाच पियानोवर स्ट्रेहॉर्नची ‘लोटस ब्लॉसम’ वाजवत बसला. टेप चालू होती. मागे बोलण्याचे, सामान हलवण्याचे आवाज आहेत. कुणालाही ऐकवण्यासाठी नसलेलं हे वादन मला मैफलीइतकंच खरं वाटतं, कारण तेही दुसऱ्यांदा होणं शक्य नव्हतं.

सगळं उत्तरवयातलं काम थोर, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याला साथ देणार नाही. आर्मस्ट्राँगच्या शेवटच्या दोन दशकांतल्या कितीतरी मैफली एकमेकींसारख्या आहेत. तीच गाणी, तोच क्रम, सोलोही जवळपास ठरलेले. त्याच्या सुराला मी नमस्कार करतो, पण तिथे निवड थांबलेली होती. नुसतं शरीर साथ देत नाही म्हणून मुद्रण वाईट ठरत नाही, आणि वयामुळे तर नाहीच. चार्ली पार्करचं जुलै १९४६ चं ‘लव्हर मॅन’ आजारी, भोवंडलेल्या अवस्थेतलं आहे. तेव्हा तो पंचविशीत होता, आणि ते प्रसिद्ध केल्याचा राग त्याच्या मनातून गेला नाही. उलट १९५८ मध्ये ‘लेडी इन सॅटिन’ गाणारी बिली हॉलिडे बेचाळीस वर्षांची होती आणि आवाज सत्तरीचा झालेला होता. या तबकडीबद्दल जाणकारांत आजही दोन तट आहेत. मी आदराच्या तटात आहे. सूर फाटलेला असताना शब्द कुठे टाकायचा, किती उशिरा टाकायचा, हे ती अजून ठरवते आहे, आणि ते ठरवणं प्रत्येक ओळीत कळतं. पार्करच्या त्या मुद्रणात ठरवणारा माणूसच हजर नव्हता. ते प्रसिद्ध करायला नको होतं.

मराठी श्रोत्याला हे पटवायला इतका खटाटोप खरं तर लागू नये. आपल्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर यांची थोरवी सर्वदूर पसरली ती त्यांच्या उत्तरवयातच, आणि त्यांचं त्या वयातलं गाणं कुणी तरुणपणच्या तबकड्यांच्या तुलनेत उतरलेलं म्हणून ऐकत नाही. अनवट राग मांडताना ते काय गाळतात याकडे कान लागलेला असतो. रागसंगीताला लावलेला हा कान जॅझला लावताना आपण अडखळतो, कारण जॅझ म्हणजे वेग आणि उन्माद असं आपण सिनेमातून शिकलो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: मंच मर्यादित, मुद्रणाला पैसा मर्यादित, मग तो म्हाताऱ्यांवर का खर्चावा, तरुणांना का देऊ नये? हे दोन्ही एकमेकांच्या आड येतात, असं गृहीत धरलेलं आहे. १९९६ मध्ये एक्क्याण्णव वर्षांचा डॉक चीटम आणि विशीतला निकोलस पेटन, असे दोन ट्रम्पेटवाले एकत्र मुद्रणाला बसले. चीटम आयुष्यभर बहुतेक इतरांच्या वाद्यवृंदांत मागच्या रांगेत वाजवत आलेला, सोलो वादक म्हणून फुलला तो साठी-सत्तरीनंतर. त्या तबकडीत पेटनचा सूर भरदार आहे, चीटमचा बारीक आणि नेमका, आणि पेटन हळूहळू कमी सूर वापरू लागतो. आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन २००४ मध्ये सांता बार्बराच्या मैफलीत सहासष्ट वर्षांच्या सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइडबरोबर बसले, ड्रम्सवर तरुण एरिक हार्लंड. दिवंगत ड्रमवादक बिली हिगिन्सच्या स्मरणार्थ झालेली ती मैफल ‘संगम’ नावाने निघाली. तबला आणि ड्रम्स यांची अशी गुंफण वयाच्या तीन टप्प्यांवरचे लोक एका मंचावर असल्याने झाली.

मुद्रणच झालं नाही तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. रोलिन्स स्वतः साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत त्याने वाजवलं. पण त्याच्या कितीतरी आधी या शहरात गोव्याच्या वादकांनी जॅझ रुजवला होता. ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिआचा वाद्यवृंद १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन दशकं वाजत होता. मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणवला गेलेला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’तल्या पाश्चात्त्य ठेक्यांमागे त्याचा ट्रम्पेट आहे. सिनेमाने या लोकांना अन्न दिलं आणि तीन मिनिटांच्या गाण्यात बंद केलं. हॉटेलांत रात्री ते मोकळेपणाने जे वाजवत, त्याचं मुद्रण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. कोरिआ नव्वदीपार जगला, पण पन्नाशीनंतर त्याच्या वादनात काय बदललं हे ऐकायला आपल्याजवळ जवळपास काही नाही. अपवाद लॉर्नाचा. क्रिस पेरीच्या चालींवर कोकणी गाणी जॅझच्या आवेशात गाणारी लॉर्ना दोन दशकांहून अधिक काळ गप्प राहिली आणि १९९५ मध्ये ‘हॅलो लॉर्ना’ घेऊन परतली. त्यामुळे तिचा आधीचा आणि नंतरचा आवाज शेजारी ठेवता येतो. आधीचा झेपावणारा, नंतरचा खर्जात जड झालेला आणि शब्दांवर अधिक भार देणारा. ही तुलना गोव्याच्या एका कलावंताबाबत तरी शक्य आहे.

बाकीच्यांबाबत काही शक्य असेल तर ते घरगुती टेपांतूनच. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जहाजांवर आणि आखातात नोकरी करणाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणले. लग्नं, क्लबातल्या रात्री आणि गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या जागांत जमलेले वादक त्यांवर मुद्रित झाले असणं अगदी साहजिक आहे. अशा चुंबकीय टेपेवरचा लेप बांधून ठेवणारं द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होतं, आणि मग टेप यंत्रावर घासून लेपच उखडतो. मुंबई आणि गोव्याची हवा त्याला वर्षातले चार महिने भरपूर ओलावा पुरवते. अशा टेपा आधी मंद उष्णतेवर काळजीपूर्वक वाळवून, मग एकदाच वाजवून त्यांची अंकीय प्रत करावी लागते. हे काम जाणकार हातांचंच आहे, आणि ते करायला सांगणारं कुणी त्या घरात हयात असेपर्यंतच होऊ शकतं.